मालमोटार आणि घरची मजुरी

शेतकऱ्याच्या हिशेबाच्या वहीत एक रकाना बहुधा कोराच राहतो. बियाणे, खते, औषधे, पाणीपट्टी, मजुरांची रोजी हे सर्व तो लिहितो. परंतु स्वतःच्या व घरच्या माणसांच्या श्रमांची किंमत मात्र तो लिहीत नाही. १९६५ साली सरकारने शेतमालाच्या किमतींचा विचार करण्यासाठी जो आयोग नेमला, तोही पिकाचा खर्च काढताना कुटुंबाच्या मजुरीची रक्कम वेगळी धरतो. पण आपण शेतकरी ती धरीत नाही, आणि जी शिल्लक वस्तुतः आपलीच न दिलेली मजुरी असते तिला नफा म्हणून मोकळे होतो. शेतीत ही चूक पिढ्यान्‌पिढ्या पचली, कारण जमीन जागच्या जागी राहते. हीच चूक घेऊन कोणी मालमोटारीच्या धंद्यात शिरल्यास तेथे ती पचत नाही. हे सांगण्याचे निमित्त पुढीलप्रमाणे घडले.

शहाद्याजवळील पुरुषोत्तमनगर हे कै. पी. के. अण्णा पाटील यांच्या नावाने वसलेले, सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचे ठिकाण. त्या परिसरातील एक तरुण जोडपे मध्यंतरी आमच्याकडे सल्ल्यासाठी आले. त्यांची पाच एकर बागायत. त्यांत दोन एकर ऊस, दीड एकर पपई, बाकीची कपाशी. पती कित्येक वर्षे ट्रॅक्टर चालवीत आहेत व त्यांना हलक्या वाहनाचा परवाना आहे. पत्नी बारावीपर्यंत शिकलेल्या असून घरचा जमाखर्च त्याच ठेवतात. त्यांचे म्हणणे असे की, “आमच्या उसाच्या बिलातून तोडणी-वाहतुकीचा खर्च दर टनामागे कापला जातो; आमची पपई परक्याच्या मोटारीतून दिल्लीकडे जाते. मग हे भाडे आमच्याच घरात का राहू नये? दहाचाकी मोटार घ्यावी, चालक ठेवू नये, आम्ही दोघांनीच पाळीपाळीने चालवावी.” मोटारीस तीस लाख रुपये लागणार, चोवीस लाख कर्ज, आणि उरलेले सहा लाख दोन एकर जमीन गहाण टाकून. त्या बाईंनी आपल्या हाताने लिहिलेली वही आमच्यापुढे ठेवली व म्हणाल्या, “तात्या, बेरीज बरोबर आहे, पण यात काही सुटले असेल तर आधी सांगा.”

हा प्रश्न विचारल्याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे. आणि त्यांच्या कल्पनेत तथ्य नाही असेही नाही. लांब पल्ल्याच्या वाहतुकीत दोन चालक असणे ही मोठीच सोय आहे. राष्ट्रीय परवान्याच्या मोटारीवर दोन चालक ठेवण्याची सक्ती २०१८ साली उठली, आणि तेव्हापासून खर्च वाचविण्यासाठी एकावरच भागविण्याकडे मालकांचा कल आहे. पपई, केळी यांसारख्या नाशवंत मालास वेळेचे मोल असते. जी मोटार न थांबता, तरीही विसावलेल्या हातांनी चालते, तिचा माल बाजारात ताजा उतरतो. शिवाय जोडीदारावर जेवढा विश्वास टाकता येतो तेवढा पगारी माणसावर क्वचितच टाकता येतो. या सर्व गोष्टी मान्य करूनच आम्ही वही वाचावयास घेतली.

प्रथम उभ्या मोटारीचा खर्च पाहू. चोवीस लाखांचे कर्ज दसादशे दहा टक्क्यांनी पाच वर्षांत फेडावयाचे तर हप्ता दरमहा सुमारे ५१,००० रुपये पडतो. जमिनीवर काढलेल्या सहा लाखांचे व्याज त्याच दराने महिना ५,००० रुपये. विमा, कर, परवाना, योग्यतेचा दाखला मिळून महिन्यास १०,००० रुपये धरले; यात अतिशयोक्ती नाही, कारण २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे या वजनाच्या मोटारीचा केवळ त्रयस्थांच्या नुकसानीचा विमाच वर्षाला सुमारे ४४,००० रुपयांचा होता. एकूण ६६,००० रुपये, म्हणजे रोजचे २,२०० रुपये. बैल दावणीला उभा असला तरी वैरण खातो, पण शेणखत तरी देतो. मालमोटार उभी राहिली म्हणजे फक्त खाते.

आता चालती मोटार. लिटरला चार किलोमीटर व डिझेल नव्वद रुपये धरले तर दर किलोमीटरला साडेबावीस रुपये नुसते जळतात. दिल्लीचे अंतर हजार किलोमीटरांहून अधिक आहे. तेव्हा एका बाजूचेच डिझेल साडेबावीस हजारांच्या पुढे जाते. परतीचा माल मिळाला तर ठीक. न मिळाल्यास तितकेच पुन्हा पदरचे. यावर टोल, टायर, दुरुस्ती. १ एप्रिल २०२० नंतरच्या मोटारींना बहुधा युरियाचे द्रावणही लागते. शेतकरी वाचकांनी येथे सावध असावे: हे द्रावण शुद्ध औद्योगिक युरियाचे, ३२.५ टक्के प्रमाणाचे असते. शेतीसाठी मिळणारा कडुनिंबाचा लेप दिलेला अनुदानित युरिया त्यात वापरणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्याने यंत्राचा बिघाड ओढवतो.

त्या वहीत डिझेल, टोल, टायर व दुरुस्ती वजा जाता भाड्यातून महिन्याला १,०१,००० रुपये हाती येतील असा अंदाज होता. तो आम्ही तसाच मान्य केला. त्यातून ६६,००० वजा जाता ३५,००० रुपये उरतात, आणि हाच त्या दांपत्याने आपला नफा म्हणून मांडला होता. आम्ही एवढेच विचारले की, हीच मोटार दोन पगारी चालकांकडून चालविली असती तर त्यांना काय द्यावे लागले असते? पतीने क्षणभर विचार करून सांगितले, “प्रत्येकी वीस हजारांच्या खाली कोणी येणार नाही.” म्हणजे चाळीस हजार. तेव्हा नफा पस्तीस हजारांचा नसून महिन्यास पाच हजारांचा तोटा आहे; तो दिसत नाही एवढेच, कारण तो त्या दोघांच्या अंगमेहनतीत जिरतो.

दुसरी गोष्ट हंगामाची. आपल्या भागात उसाचे गाळप हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या तोंडी चालते. पपई, कापूस व नंदुरबारच्या बाजारातील मिरची यांचाही मुख्य भर त्याच महिन्यांत. म्हणजे सर्व कामे एकाच वेळी हाका मारतात, आणि आषाढ ते आश्विन कोणीच हाक मारीत नाही. पावसाळ्यात मोटार अगदीच रिकामी राहील असे नाही. खतांची, सिमेंटची भाडी मिळतात. पण ती हाती असल्याखेरीज हिशेबात धरता येत नाहीत. आठच महिने काम धरले तर वर्षाची आवक ८,०८,००० रुपये, आणि उभ्या मोटारीचा बारा महिन्यांचा खर्च ७,९२,००० रुपये. शिल्लक सोळा हजार रुपये: दोन माणसांच्या वर्षभराच्या रात्रींची किंमत! पाच वर्षांनी मोटार कर्जमुक्त होईल हे खरे. परंतु तोवर ती पाच वर्षांनी जुनी झालेली असेल, आणि आठ वर्षांनंतर तर योग्यतेचा दाखला दरवर्षी घ्यावा लागतो. जमीन मात्र पाच वर्षांत झिजत नाही.

उसाच्या वाहतुकीसंबंधी एक इशारा स्वतंत्रपणे देणे जरूर आहे. जवळच्या पल्ल्याचा ऊस आता बहुतांशी ट्रॅक्टर व ट्रेलर आणतात. ट्रकच्या वाट्यास लांबचा ऊस येतो. आणि पुष्कळ ठिकाणी वाहतुकीचा करार करणाऱ्यासच तोडणीची टोळीही आणावी लागते. मुकादमास लक्षावधी रुपयांची उचल द्यावयाची, ती कारखान्याकडून आपल्या जबाबदारीवर घ्यावयाची, आणि टोळी आली नाही अथवा अर्ध्या हंगामात निघून गेली तर ती रक्कम वाहतूकदाराच्या अंगावर येते. महाराष्ट्रात अशा उचलींपायी अनेक वाहतूकदार कर्जात बुडाले आहेत. तेव्हा करारावर सही करण्यापूर्वी आपण केवळ मोटार देत आहो की माणसांचीही हमी देत आहो, हे वाचून पाहावे.

आता त्या बाईंविषयी. मोटार दोघे चालवतील या गृहीतावर सर्व योजना उभी. परंतु बाईंजवळ फक्त स्कूटरचा परवाना. कायद्याप्रमाणे मालवाहू मोटारीचा शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असावा लागतो. तो आज काढला तरी वर्षभर त्यांना मालमोटारीच्या चाकाला हात लावता येणार नाही. त्या मोटारीत बसतील, पण क्लीनर म्हणून, तेही बिनपगारी. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एकच कोयता धरतात; काम दोघांचे, नाव एका कोयत्याचे, आणि पैसा बहुधा पुरुषाच्या हाती. आपल्या बागायतदार घरांतील सुशिक्षित स्त्रीने कर्ज काढून त्याच स्थितीला जावे हे आम्हांस पटत नाही.

स्त्रीला हे काम झेपत नाही असा याचा अर्थ कोणी करू नये. नंदुरबारात वाढलेल्या योगिता रघुवंशी यांचे उदाहरण याच मातीतील आहे. कायद्याची पदवी घेतलेल्या या बाई भोपाळला नांदत होत्या. २००३ साली पती अपघातात गेले, दोन मुलांचा भार आला, आणि वाहतुकीचा धंदा पगारी चालकाच्या भरवशावर टिकत नाही असे दिसताच त्यांनी स्वतः सुकाणू हाती घेऊन देशभर मालमोटार चालविली. हे धैर्य वंदनीय आहे. परंतु त्यांना या वाटेवर गरजेने आणले. जमीन गहाण टाकून त्या या वाटेला आल्या नव्हत्या, हा फरक ध्यानात ठेवावा.

आणखी एक गोष्ट बोलावयास जड, तरी बोललीच पाहिजे. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. पती-पत्नी दोघेही एकाच केबिनमध्ये असताना घाला पडला तर मुलांकडे व जमिनीकडे पाहणारे कोण राहणार? विम्यात मालक-चालकास १५ लाखांचे अपघाती संरक्षण असते, पण ते ज्याच्या नावे मोटार नोंदलेली आहे व ज्याच्याजवळ योग्य परवाना आहे त्यासच. दुसऱ्याचे संरक्षण वेगळे पैसे भरून घ्यावे लागते, आणि घाईत तेच राहून जाते. १९६१ च्या कायद्याने मोटार कामगाराचा दिवस सामान्यतः आठ तासांचा ठरविला होता. पण तो पाच किंवा अधिक कामगारांच्या धंद्यासाठी होता. स्वतःच्या मोटारीवर बसलेल्या मालकास थांब म्हणणारा कोणी नाही. हप्ता तटला म्हणजे तो एक खेप अधिक मारतो, मग दोन टन अधिक भरतो. २०१९ पासून जादा भारास २०,००० रुपये व वर दर टनास २,००० रुपये दंड आहे; पाच टन जादा सापडले की तीस हजार गेले, आणि तो महिना संपला.

मग आमचे मत काय? मोटार घेऊच नये असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, वहीत खर्चाच्या बाजूस पहिली ओळ दोघांच्या मजुरीची लिहावी, बाजारभावाने आणि दोघांच्या स्वतंत्र नावांनी. ती देऊन, पावसाळ्याचे चार महिने रिकामे धरून, हप्ता निघत असेल तर मोटार खुशाल घ्यावी. जमिनीवर मोटारीसाठी बोजा चढवू नये. पहिले वर्ष दुसऱ्याच्या मोटारीवर पगाराने काढावे. तेवढ्यात बाईंचा परवान्याचा काळही पुरा होतो, गव्हाणीपुढील रांगा, परतीचा माल, दलालांची दलाली यांची पारख होते, आणि धंदा न रुचल्यास दोन एकर शाबूत राहतात. पाच-सात बागायतदारांनी मिळून एकच मोटार घेतली व या दांपत्यास पगारी चालक नेमले तर त्याहून बरे. ज्या गावी हजारो ऊसउत्पादकांनी भाग घेऊन कारखाना उभा केला, तेथे एका मोटारीचे भांडवल जमणे अशक्य नाही.

हे सर्व ऐकून पती जरा खट्टू झाले. बाईंनी मात्र वही पुढे ओढली, वरच्या कोऱ्या जागेत दोन नावे लिहिली, आणि प्रत्येकापुढे वीस हजार मांडून बेरीज पुन्हा केली. नंतर त्या म्हणाल्या, “तात्या, हीच वही आता उसाची आणि पपईचीही अशीच लिहून पाहते.” आमच्या मते त्या दिवसाचे खरे काम ते झाले, कारण मोटार घेतली वा न घेतली तरी त्या घरात यापुढे घरची मजुरी फुकट धरली जाणार नाही.

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी स्वतः मालमोटार चालविण्याचा अनुभव घेतला असेल त्यांनी आपला जमाखर्च, नफ्याचा असो वा तोट्याचा, मंडळाकडे अवश्य पाठवावा. मात्र त्यात घरच्या मजुरीचा रकाना कोरा ठेवू नये, एवढीच विनंती.