सीमेवरच्या ठरावांना उत्तर द्या

सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या चाळीसेक गावांनी 2012 च्या दुष्काळात ठराव केले होते: पाणी देता येत नसेल, तर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या. ते ठराव दहा वर्षे पडून राहिले. नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्यांचा आधार घेऊन जतवर दावा सांगितला आणि मुंबईत धावपळ उडाली. विस्तारित म्हैसाळ उपसा योजनेसाठी सुमारे 2 हजार कोटी रुपये लगोलग जाहीर झाले. पाण्यासाठी पैसा मिळाला, त्याचे स्वागतच आहे. पण मोर्चे, उपोषणे आणि अर्जविनंत्या करून जे हलले नाही, ते शेजारच्या मुख्यमंत्र्याच्या एका विधानाने हलले. यातून सीमेवरच्या गावांनी काय शिकायचे?

त्यांनी जे शिकायचे ते शिकून घेतले. त्याच हिवाळ्यात नाशिक जिल्ह्यातील सुरगाण्याच्या सीमेवरील गावांतून गुजरातेत जाण्याची मागणी झाली. या तालुक्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. नार आणि पार या नद्या इथेच उगम पावतात आणि उन्हाळ्यात बायाबापड्यांना हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो. घरचा कर्ता माणूस द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडला मजुरीला जातो, रुग्ण धरमपूर-वांसद्याला न्यावा लागतो. नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद, बिलोलीच्या गावांनी त्याआधीच तेलंगणाचे नाव घेतले होते. तिथे 2018 पासून एकरी रोख मदत आणि शेतीला चोवीस तास मोफत वीज मिळते, हे त्यांना पलीकडच्या सोयऱ्यांकडून कळत होते.

ही माणसे महाराष्ट्रद्वेष्टी नाहीत. जतच्या पूर्व भागात घरोघरी कन्नड बोलली जाते हे खरे, पण ठरावात भाषेची तक्रार नव्हती, पाण्याची होती. मोफत वीज किंवा रोख मदत म्हणजे विकास, असे आम्ही मानत नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना महाराष्ट्राने 2024 मध्ये मोफत वीज दिली, तरी ज्या विहिरीला पाणीच नाही तिथे पंप काय उपसणार? पण लोकांनी केलेली तुलना चुकीची ठरवून त्यांचा प्रश्न झटकता येत नाही. सरकारच्या विकासाचे मूल्यमापन शिवेवरचा माणूस रोज करत असतो. पलीकडचा रस्ता, दवाखाना आणि कालवा त्याला डोळ्यांनी दिसतो.

जतचेच पाहा. म्हैसाळची योजना कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवते. पूर्व जत तिच्या मूळ लाभक्षेत्राबाहेर राहिला. टँकरच्या पाण्यावर डाळिंबाची बाग जगवणारा तिथला शेतकरी वर्षानुवर्षे योजनेच्या बातम्या वाचत होता. डिसेंबर 2022 च्या सुरुवातीला कर्नाटकने तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी सोडले आणि ते ओढ्यांतून जतमधल्या तिकोंडीच्या तलावात आले. कर्नाटकचे राजकारण त्यामागे होतेच. तरीही जे पाणी आपल्या सरकारकडून येत नव्हते ते पलीकडून आले, हे गावाने पाहिले.

याच पाण्यातून एक वाट निघू शकते. उन्हाळ्यात उत्तर कर्नाटकात टंचाई पडली की कर्नाटक महाराष्ट्राकडे कृष्णेत पाणी सोडण्याची विनंती करते आणि कोयना-वारणेतून ते सोडलेही जाते. त्याच्या बदल्यात तुबचीचे पाणी जतला द्यावे, हा प्रस्ताव जुना आहे. तो कायमच्या लेखी कराराच्या रूपाने का येत नाही? गोदावरीवरील बाभळी बंधाऱ्याचा शेजारच्या राज्याशी असलेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2013 च्या निकालाने 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवण्याचे बंधन आले. देखरेखीला दोन्ही राज्यांचे प्रतिनिधी असलेली समितीही नेमली गेली. ऐन पावसाळ्यात पाणी डोळ्यांदेखत वाहून जाते, ही धर्माबादच्या शेतकऱ्याची वेदना रास्त आहे. पण न्यायालयाने बसवल्यावर दोन राज्ये एका टेबलाशी बसतात. जतसाठी ती स्वतःहून बसली, तर खटल्यात घालवायची वर्षे वाचतील.

केंद्राचा सीमाक्षेत्र विकास कार्यक्रम आंतरराष्ट्रीय सीमेपुरता आहे. राज्यांच्या सीमेवरच्या तालुक्यांसाठी तसा आधार नाही. मागासलेपणावर लक्ष ठेवणाऱ्या विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या वैधानिक विकास मंडळांची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली आणि दाद मागण्याची तीही जागा गेली.

बेळगाव, निपाणी, कारवारसह 865 गावांसाठी महाराष्ट्र 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात लढतो आहे. तो लढा न्याय्य आहे आणि तो जिंकायचा आहे. म्हणूनच आज जी गावे आपल्याकडे आहेत, त्यांची आबाळ अधिक लाजिरवाणी आहे.

सरकारने सीमेवरच्या प्रत्येक तालुक्यातील ग्रामसभांचे विकासाचे ठराव मागवावेत. कोणते काम होईल, कधी होईल, कोणते होणार नाही आणि का, हे जिल्हाधिकाऱ्यांनी नव्वद दिवसांत ग्रामसभेत येऊन सांगावे. विस्तारित म्हैसाळच्या मुख्य वाहिनीबरोबरच पोटचाऱ्या किती पूर्ण झाल्या, शेवटच्या टोकाच्या गावाला आवर्तन केव्हा मिळणार आणि पंपांच्या वीजबिलाचा भार कोण उचलणार, याचा हिशेब दर तीन महिन्यांनी तिथल्या ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत लावावा. येत्या अधिवेशनात जलसंपदा मंत्र्यांनी जतपासून सुरुवात करावी.