इंग्रजी व्याकरणाची वाट मराठीच्या अंगणातून

शाळाप्रवेशाचा हंगाम आला की महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत एकाच विषयाचा घोळ सुरू होतो. मुलाचे इंग्रजी पक्के कसे होणार? त्यासाठी परवडत नसताना भरमसाठ शुल्क भरले जाते, घराशेजारची मराठी शाळा ओलांडून मूल दूरच्या शाळेत धाडले जाते आणि संध्याकाळी व्याकरणाच्या शिकवणीला बसवले जाते. पालकांचा हेतू वाईट नाही. इंग्रजीवाचून उच्च शिक्षणाची आणि नोकरीची अनेक दारे बंद राहतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. प्रश्न हेतूचा नाही; पदरात काय पडते याचा आहे.

पदरात काय पडते? दहा वर्षे इंग्रजी शिकलेला मुलगा 'डू ॲज डायरेक्टेड'चा प्रश्न झटपट सोडवतो, कर्तरीचे कर्मणी करतो, प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष करतो आणि त्याला गुणही उत्तम मिळतात. त्याच मुलाला बँकेच्या व्यवस्थापकाला दहा ओळींचा अर्ज लिहायला सांगा. तिसऱ्या ओळीत तो अडखळतो. त्याहून खेदाची गोष्ट अशी की, तोच अर्ज मराठीत लिहितानाही त्याचे हेच होते. एक भाषा मिळवण्यासाठी दुसरी सोडली आणि हाती एकही आली नाही, असा हा व्यवहार आहे.

महाराष्ट्र शासनाने २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला. पूर्वी तो पाचवीपासून असे. या निर्णयाला पाव शतक उलटले. इंग्रजीची वर्षे वाढली. पण ती शिकवायची कशी, याचा विचार त्या प्रमाणात वाढला, असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकेल काय?

नियम पाठ, भाषा सपाट

आपल्याकडे इंग्रजी व्याकरण शिकवण्याच्या दोन तऱ्हा रूढ आहेत आणि दोन्ही एकांगी आहेत. पहिली जुनी, वसाहतकालीन. लिंडले मरे याचे इंग्रजी व्याकरण १७९५ साली प्रसिद्ध झाले. त्या काळचे व्याकरणकार लॅटिनच्या साच्यात इंग्रजी बसवू पाहत. पुढे नेसफील्ड आला, त्यानंतर रेन आणि मार्टिन यांचे पुस्तक आले आणि पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत त्याची पारायणे झाली. ही पुस्तके टाकाऊ नाहीत. संदर्भासाठी ती आजही उपयोगी पडतात. चूक पुस्तकांची नसून ती पोथीसारखी पाठ करून घेणाऱ्यांची आहे. व्याख्या पाठ, नियम पाठ, अपवाद पाठ; वाक्य मात्र स्वतःचे एकही नाही.

दुसरी तऱ्हा नवी. 'व्याकरण शिकवूच नका, मुले बोलता बोलता शिकतील', असे ती सांगते. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत, नियम न सांगता वर्गातील कृतींतून इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला. तो विचारपूर्वक आखलेला प्रयोग होता. आपण त्यातून काय उचलले? कृतींची आखणी आणि शिक्षकाची तयारी बाजूला राहिली. 'व्याकरण नको' एवढेच सोयीचे वाक्य उरले. ज्या मुलाच्या कानावर घरी, दारी, बाजारात इंग्रजी पडतच नाही, ते आठवड्यातील मोजक्या तासांत 'आपोआप' कसे शिकेल? लंडनच्या मुलाचे औषध लातूरच्या मुलाला त्याच मात्रेत देण्याचा हा प्रकार आहे.

पतंजलींचा कुंभार

या दोन्ही टोकांना उत्तर द्यायला परदेशी तज्ज्ञ बोलावण्याची गरज नाही. व्याकरण या शास्त्राचा जगाने हेवा करावा असा वारसा या भूमीत आहे. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत भाषेची रचना उलगडली आणि लिओनार्ड ब्लूमफील्डसारख्या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९३३ साली मुक्तकंठाने त्याचा गौरव केला. त्या परंपरेतील पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभीच दोन दाखले दिले आहेत.

पहिला दाखला कुंभाराचा. घडा हवा असलेला माणूस कुंभाराच्या घरी जातो आणि घडा करून मागतो. पण शब्द हवेत म्हणून वैयाकरणाच्या घरी जाऊन 'शब्द घडवून दे', असे कोणी म्हणत नाही. भाषा लोकांच्या मुखी आधीच असते; व्याकरण तिची व्यवस्था दाखवते. नियमांची पोपटपंची करून घेणाऱ्यांना हे उत्तर आहे.

दुसरा दाखला बृहस्पतीचा. त्याने इंद्राला एकेक शब्द सांगत हजार दिव्य वर्षे शिकवले, तरी शब्द संपले नाहीत. म्हणून सामान्य नियम आणि त्याचे अपवाद, असा मार्ग शास्त्राने धरला. 'नियम नकोतच' म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. आधी भाषा, मग नियम. पण नियम हवाच. दोन हजार वर्षांपूर्वी निकालात निघालेला वाद आपण आजही घालत बसलो आहोत.

चुका इंग्रजीत, मुळे मराठीत

मराठी मुलाच्या इंग्रजी चुका तपासल्या तर त्या निष्काळजीपणाच्या नसतात, हे ध्यानात येते. त्या मराठीच्या नियमांना धरून असतात. 'ही हॅज कम यस्टरडे' असे मूल लिहिते, कारण मराठीत 'तो कालच आला आहे' हे वाक्य निर्दोष आहे. मराठीतील 'आला आहे' बरोबर 'काल' सुखाने नांदतो. इंग्रजीत तसे रूप वापरले की गेलेल्या वेळेचा ठराविक उल्लेख चालत नाही. हा फरक दोन मिनिटांत समजावता येतो. समजावला जात नाही. लाल शाईची रेघ तेवढी ओढली जाते.

'मला ताप आहे', 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे पुस्तक आहे'. या तिन्ही वाक्यांत मराठी 'आहे' वापरते आणि ताप, भाऊ, पुस्तक यांना कर्त्याचे स्थान देते. इंग्रजी त्या माणसालाच कर्ता करते आणि 'हॅव' हे वेगळे क्रियापद योजते. मराठीत 'हॅव'ला नेमका जोडशब्द नाही. तरीही वर्गात 'बी म्हणजे असणे' आणि 'हॅव म्हणजेही असणे' असे सांगून शिक्षक मोकळे होतात. मग मुलाने गल्लत केली तर दोष कोणाचा?

'ए', 'ॲन' आणि 'द' यांचे तर मराठी मुलांना भय वाटते. मराठीत उपपदे नाहीत. तथापि ज्या मुलाने आजीकडून 'एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या', अशी सुरुवात ऐकली आहे, त्याला हे तत्त्व रक्तातच ठाऊक असते. प्रथम उल्लेखाला 'एक राजा', ओळख झाल्यावर नुसता 'राजा'. इंग्रजी पहिल्या ठिकाणी 'ए' घालते, दुसऱ्या ठिकाणी 'द'. याने सगळे नियम संपत नाहीत. पण दार उघडते.

शब्दयोगी अव्ययांचेही तसेच. पुस्तक टेबलावर असते, पंखा डोक्यावर असतो, पाहुणा दारावर असतो. मराठीचा एक 'वर' इंग्रजीत कधी 'ऑन', कधी 'ओव्हर', कधी 'ॲट' होतो. उलट सुरीने कापणे आणि रामासोबत जाणे या दोन्हींसाठी इंग्रजी एकच 'विथ' वापरते. करण, अपादान, अधिकरण हे कारकसंबंध ज्याला कळले, त्याला इंग्रजीचे हे प्रांत परके वाटत नाहीत.

मात्र तुलना म्हणजे ओढूनताणून जुळवणी नव्हे. 'पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग', असे सरसकट सांगितले जाते, तेही अर्धसत्य आहे. 'रामाने आंबा खाल्ला' हा मराठीत कर्मणी प्रयोग आहे. इंग्रजीत त्याचे सरळ भाषांतर कर्तरी वाक्यानेच होते. साम्य दाखवावे तितकाच भेदही दाखवावा लागतो. त्यासाठी शिक्षकाला दोन्ही भाषांचे व्याकरण यावे लागते आणि नेमकी तिथेच आपली व्यवस्था उघडी पडते.

इंग्रज तरी कसे शिकले?

'इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द नको' हा दंडक आज प्रतिष्ठेचा झाला आहे. काही शाळांत मराठी बोलल्याबद्दल मुलांना दंड होतो आणि पालक तो अभिमानाने भरतात! ज्यांचे अनुकरण चालले आहे त्या इंग्रजांनी परकी भाषा कशी शिकवली, हे तरी पाहावे. राणी पहिल्या एलिझाबेथचा शिक्षक रॉजर ॲस्कम याचा 'द स्कूलमास्टर' हा ग्रंथ १५७० साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. लॅटिन शिकवण्याची त्याची रीत साधी होती. विद्यार्थ्याने लॅटिन उताऱ्याचे इंग्रजी भाषांतर करायचे, काही वेळाने मूळ न पाहता त्या इंग्रजीचे पुन्हा लॅटिन करायचे आणि मग ते मुळाशी ताडून पाहायचे. व्याकरणाचा नियम त्या ताडून पाहण्यात समजावला जाई. इंग्रजांच्या राणीचा गुरू परकी भाषा मातृभाषेच्या आधाराने शिकवत होता; मॅकॉलेच्या १८३५ च्या टिपणानंतर इंग्रजीला शरण गेलेल्या देशाला मात्र मातृभाषेची लाज वाटते. विसाव्या शतकात वेल्समध्ये सी. जे. डॉडसन यांनी द्विभाषिक पद्धतीची मांडणी १९६७ साली केली, तीही मातृभाषेला वर्गाबाहेर न काढता.

महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव याहून वेगळा नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण लिहिले, ते इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर ठेवून. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद या मराठी शाळेत शिकवल्या जाणाऱ्या शब्दांच्या आठ जाती इंग्रजीतील आठ जातींना जवळपास जशाच्या तशा भिडतात. मराठी व्याकरण नीट शिकलेल्या मुलाच्या हाती इंग्रजी व्याकरणाच्या परिभाषेची किल्ली आधीच आलेली असते. पुढे तर्खडकरी भाषांतरमालेवर मराठी माणसाच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. स्वभाषेचा जाज्वल्य अभिमान बाळगणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी टिळकांसह १८८० साली पुण्यात शाळा काढली, तिचे नाव 'न्यू इंग्लिश स्कूल' होते. ज्यांनी इंग्रजीला वाघिणीचे दूध मानले, त्यांनी ते मराठीच्या पात्रातून प्यायले. आज पात्र फोडून दूध मागण्याचा अट्टहास चालला आहे.

स्वकीयांनाही एक प्रश्न

दोष केवळ इंग्रजीवेड्यांचा नाही. 'इंग्रजी ही गुलामीची भाषा' असे व्यासपीठावरून सांगायचे आणि स्वतःच्या नातवाला मात्र इंग्रजी माध्यमात घालायचे, हा दुटप्पीपणा राष्ट्रीय विचारांच्या घरांतही कमी नाही. मराठी शाळा टिकावी असे खरोखर वाटत असेल, तर मराठी शाळेतले इंग्रजी उत्तम झाले पाहिजे. पालक मराठी शाळा सोडतो तो मराठीच्या द्वेषाने नव्हे, इंग्रजीच्या काळजीने. ती काळजी मिटवल्याखेरीज घोषणांनी पटसंख्या वाढणार नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत आणि इष्ट तर आठवीपर्यंत व त्यापुढेही मातृभाषेचे माध्यम असावे, असे म्हटले आहे. २०२० सालीच महाराष्ट्राने सर्व शाळांत मराठी विषय अनिवार्य करणारा कायदा केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. हे सर्व स्वागतार्ह आहे. पण धोरण, कायदा आणि दर्जा यांनी वर्गातला तास बदलत नाही. तो शिक्षक आणि पालक बदलतात.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, नियमाआधी वाक्ये. एका रचनेची दहा-पंधरा सोपी वाक्ये मुलाने ऐकावीत, वाचावीत, बोलावीत. मग नियम त्याच्याकडूनच काढून घ्यावा. दुसरी, प्रत्येक नियमापाशी एक प्रश्न अवश्य विचारावा: हेच मराठीत कसे म्हणतो आणि फरक कुठे पडतो? तिसरी, आठवड्यातून एकदा ॲस्कमच्या रीतीने पाच ओळींचे दुहेरी भाषांतर करून घ्यावे. चौथी, चुकांची वही ठेवावी. मुलाच्या चुका चार-पाच प्रकारांत मोडतात. प्रकार कळला की त्याची भीती निम्मी होते. पाचवी, मराठीचे व्याकरण परीक्षेतील गुणांपुरते उरकू नये. ते दोन्ही भाषांचा पाया आहे.

यासाठी मोठा निधी लागत नाही. गावोगावी आणि सेवावस्त्यांत चालणाऱ्या अभ्यासिकांत निवृत्त शिक्षकांनी आणि महाविद्यालयीन तरुणांनी आठवड्यातून दोन संध्याकाळ दिल्या, तरी हे काम उभे राहू शकते. ज्यांना महागडी शिकवणी परवडत नाही त्या घरांतील मुलांना याची सर्वाधिक गरज आहे. श्रीमंताचे मूल वाईट अध्यापनातूनही तरून जाते. गरिबाचे मूल त्यात कायमचे मागे पडते आणि त्याचे खापर त्याच्या बुद्धीवर फोडले जाते.

'जातो, जाते, जातोस, जातेस, जातात' ही रूपे तीन-चार वर्षांचे मराठी मूल कोणी न शिकवता अचूक वापरते. लिंग, वचन, पुरुष यांचे एवढे भान ज्याच्या जिभेवर आहे, त्याला इंग्रजीचा एक 'एस' जड जाण्याचे कारण नाही. बुद्धी त्याच्यापाशी आहे आणि भाषाही आहे. त्याच्या भाषेचा हात धरून त्याला पुढे नेईल, असा शिक्षक त्याला मिळवून देणे हे समाजाचे काम आहे.