अस्वलाचे काय चुकले?

आमच्या गावाच्या तीन बाजूंना जंगल आहे. गडचिरोली जिल्ह्यात अशी गावे पुष्कळ आहेत. आमच्या जंगलात अस्वल आहे. मागच्या चैत्रात माझी मोठीमाय पहाटे मोहफुलं वेचायला गेली. झाडाखाली अंधार होता. अस्वल तिथेच खाली मान घालून फुलं खात होते. मोठीमाय अगदी जवळ गेली तेव्हा दोघांनी एकमेकांना पाहिले.

मोठीमायच्या डोक्याला चौदा टाके पडले. लोक म्हणतात की अस्वल गुदगुल्या करून मारते. ते साफ खोटे आहे. त्याची नखे माझ्या बोटाएवढी असतात.

तेव्हापासून गावात जो तो म्हणतो, अस्वलाला मारलेच पाहिजे. मला हे पटत नाही.

अस्वल माणसाला खायला येत नाही. वाळवी, मुंग्या, मध, बोरं, टेंभरं, जांभळं आणि मोहफुलं हे त्याचे जेवण. त्याला वरचे पुढचे दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी सुर्रकन ओढून घेते. त्याचे नाक फार तीक्ष्ण, पण डोळे आणि कान कमी. खायला लागले की त्याला भान राहत नाही. मग माणूस एकदम जवळ आला की ते घाबरते आणि अंगावर येते. पाठीवर पिल्लं असली तर विचारूच नका. मला कोणी हात लावला तर माझी माय तरी गप्प बसेल काय?

आबाजी लहान असताना दरवेशी गावात अस्वल घेऊन येत. त्याच्या नाकात दोरी असे. दरवेशी डमरू वाजवून त्याला नाचवत, मुलांना पाठीवर बसवत आणि ताईतात घालायला त्याचे केस विकत. आबाजीसुद्धा पाठीवर बसले होते. १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी झाली आणि १९९८ साली सरकारने अस्वलाच्या खेळांवर बंदी घातली. ते बरेच झाले. रामायणातल्या जांबुवंताने हनुमानाला त्याची शक्ती आठवून दिली. त्या जांबुवंताला आपण हात जोडतो आणि जंगलातल्या अस्वलाला दगड मारतो, हे कसे?

आता मोहाचे सांगतो. फुलं रात्री उशिरापासून सकाळपर्यंत गळतात. ती वाळवून विकली की घरात तेल, मीठ, कपडे येतात. माझ्या वह्यासुद्धा त्यातूनच आल्या. म्हणून मोहफुलं वेचू नका असे मी म्हणणार नाही. फक्त ऊन पडल्यावर जावे, चार-पाच जणांनी मोठ्याने बोलत जावे. झाडाखालचा पाचोळा पेटवू नये, त्याने सगळे जंगल जळते. खोल जंगलातली झाडे अस्वलासाठी सोडावी.

हे मी घरी सांगितले. माय म्हणाली, "उशीर केला तं फुलं गुरं खातात, नाई तं दुसरेच वेचून नेतात." तिचे खरे आहे. एक घर पाच वाजता निघाले की दुसरे चार वाजता निघते. मागच्या साली तर काही जण कंदील घेऊन तीन वाजताच गेले होते! त्यामुळे एकट्या आमच्या घराने ठरवून भागणार नाही. साऱ्या गावाने एकच वेळ ठरवावी, आणि गुरे त्यानंतर सोडावी. मग कोणाचेच नुकसान होणार नाही.

मोठीमायला मी विचारले, अस्वलाला मारायचे काय? ती म्हणाली, "मले त्याचा लय राग येते." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण तेही बिचारं उपाशीच आलं असंन."

ग्रामसभा आमच्या शाळेच्या व्हरांड्यात भरते. हे भित्तिपत्रक तिथेच लावले आहे. फाल्गुन लागायच्या आत मोठ्या माणसांनी ते वाचावे आणि वेळ ठरवावी.