वरून लखलखीत, खालून काय?

नवी गाडी दारात आली की पहिला मान घरच्या बाईचा. हळदकुंकू, अक्षता, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळं आपल्याच हातून होतं. बोनेटवर स्वस्तिक आपणच काढतो. पण एकदा का ओवाळणीचं तबक आत गेलं की गाडीच्या देखभालीशी आपला संबंध संपला. ‘ते तुमचं तुम्ही बघा बाई’ हे वाक्य मीही कितीतरी वर्षं म्हणत आले. गाडी चालवायला शिकले, बचत गटाच्या कामाला एकटी गाडी घेऊन गावोगाव हिंडले, पण गाडीच्या खाली काय असतं ते कधी वाकून पाहिलं नाही. ते पाहायला मला सातासमुद्रापार जावं लागलं, आणि तेही ऐन हिवाळ्यात.

२०१८च्या डिसेंबरात मी धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत मिशिगनला गेले. डेट्रॉईटजवळ तिचं घर. मेथीचे दाणे, डिंक, अळीव, बाळंतशोपा, सगळं बांधून नेलं होतं. आम्ही मालवणची माणसं, थंडी म्हणजे काय ते डिसेंबरात पहाटे शाल घेण्यापुरतं ठाऊक. तिथे खिडकीबाहेर सगळं पांढरं आणि रस्त्यावरून सकाळ-संध्याकाळ मोठाले ट्रक काहीतरी भुरभुरत चाललेले. मी विचारलं, ‘हे गं काय पेरतायत?’ तर म्हणाली, ‘ताई, मीठ!’

मला खरंच वाटेना. पण मीठच ते. पाण्यात मीठ मिसळलं की ते शून्य अंशाला गोठत नाही, त्यासाठी आणखी थंडी लागते. त्यामुळे मीठ टाकलेल्या रस्त्यावरचा बर्फ वितळतो आणि गाड्या घसरत नाहीत. उणे नऊ-दहा अंशांच्या खाली साधं मीठ फारसं चालत नाही, मग कॅल्शियम क्लोराइडसारखे दुसरे क्षार टाकतात. आणि गंमत पाहा, ज्या डेट्रॉईटने जगाला मोटारी दिल्या, त्याच शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची प्रचंड खाण आहे. वर गाड्या बनल्या आणि खाली त्या गाड्यांना खाणारं मीठ!

हे मीठ माणसांचे जीव वाचवतं, ते टाकू नये असं कुणी म्हणणार नाही. पण ते गाडीला खातं ते खालून. चाकांनी उडवलेलं खारं पाणी पत्र्याच्या सांध्यांत, कोपऱ्यांत, नळ्यांवर जाऊन बसतं. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा पुरते. त्यात मीठ मिसळलं की गंज धावत सुटतो. कॅल्शियम क्लोराइड तर हवेतलं पाणी ओढून घेतं, पावसाळ्यात खडेमिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच. त्यामुळे गाडीची खालची बाजू वाळतच नाही. आणखी एक गोष्ट मला नवलाची वाटली. मिठाने माखलेली गाडी ऊबदार गॅरेजमध्ये ठेवली तर ती बाहेरच्या थंडीत ठेवलेल्या गाडीपेक्षा लवकर गंजते, कारण उबेत गंजाचा वेग वाढतो. आपण समजतो गाडी जपली, आणि ती आत खंगत असते.

बहिणीची गाडी अकरा वर्षांची, तिथलीच, जुनी म्हणून स्वस्तात घेतलेली. पण वरून काय सुरेख! मेहुणे दर पंधरवड्याला धुवायला नेत. तिथे गाडी आपोआप धुऊन निघते. फक्त गाडीच्या खालून पाणी मारून हवं असेल तर थोडे डॉलर जास्त द्यावे लागतात. ‘खालचं कोण बघतंय?’ म्हणून ते थोडे डॉलर वाचवलेले.

फेब्रुवारीतली गोष्ट. बाळ सहा आठवड्यांचं. त्याला डॉक्टरकडे न्यायचं होतं. मेहुणे कामासाठी दुसऱ्या गावी. बाळ मागच्या सीटवर, शेजारी मी. इमारतीच्या आवारातून गाडी निघाली, वळणावर बहिणीने ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला गेला. गाडी थांबेना. तिने हँडब्रेक ओढला आणि गाडी समोरच्या बर्फाच्या ढिगात जाऊन रुतली. वेग अगदी कमी होता म्हणून कुणाला खरचटलंही नाही. बाळ तर झोपेतच होतं. पण आम्ही दोघी थरथरत होतो. आणखी पाच मिनिटांनी आम्ही हमरस्त्यावर असतो. पुढचा विचार आजही नको वाटतो.

गाडी उचलून गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने ती वर चढवली आणि आम्हाला खाली बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा मी गाडीचं पोट पाहिलं. पत्र्यांचे पापुद्रे सुटलेले, सायलेन्सर तांबूस काळा. आणि ब्रेकची बारीक नळी, जिच्यातून ब्रेक ऑइल चाकांपर्यंत जातं, ती एका जागी गंजून फुटलेली. परसात पावसात पडलेल्या जुन्या पत्र्याच्या डब्यासारखी दिसत होती. मेकॅनिक भला माणूस होता, पण समजावून सांगण्याआधी त्याने बहिणीला विचारलं, ‘हे ज्यांना सांगता येईल असं घरात दुसरं कुणी आहे का?’ बहीण म्हणाली, ‘गाडी मी चालवते. मलाच सांगा.’ मला तिचा फार अभिमान वाटला, आणि स्वतःची थोडी लाजही.

हे तिच्या एकटीच्या बाबतीत घडलं असंही नाही. २०१५ साली अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने मीठ टाकणाऱ्या वीस राज्यांतल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना जाहीर सूचनाच दिली होती. हिवाळाभर गाडी खालून धुवा, हिवाळा संपला की पुन्हा नीट धुवा आणि ब्रेकच्या नळ्या तपासून घ्या. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन ही तिथल्या वाहनचालकांची जुनी संस्था. रस्त्यावरच्या या क्षारांनी गंजलेल्या गाड्यांच्या दुरुस्तीवर लोकांचे वर्षाला सुमारे ३ अब्ज डॉलर जातात, असं तिने २०१७ मध्ये सांगितलं होतं.

मग उपाय काय? ते ऐकताना मला सारखं आपलं स्वयंपाकघर आठवत होतं. बिडाचा तवा आपण धुतो, पुसून कोरडा करतो आणि तेलाचा हात लावून ठेवतो. विळीचंही तसंच. गाडीचंही हेच करायचं. हिवाळ्याआधी, कोरड्या दिवसांत, गाडी खालून स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवायची आणि तिला तेलाचा किंवा मेणाचा लेप द्यायचा. मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या चरबीचाही लेप मिळतो. हे लेप दर वर्षी पुन्हा द्यावे लागतात. रबरासारखा जाड लेप मात्र नीट बघून घ्यावा. तो जुना होऊन तडकला की पाणी आत शिरतं आणि अडकून राहतं, मग वरून झाकलेलं आणि आतून कुजलेलं. दारांच्या खाली पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती लेपाने किंवा चिखलाने बुजू द्यायची नाहीत. हिवाळ्यात पारा शून्याच्या वर गेला की दहा-पंधरा दिवसांनी खालून साध्या पाण्याचा फवारा मारायचा. एवढंच. यात बाईला न कळण्यासारखं काय आहे?

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? बर्फ नाही, पण मीठ आहे ना! आमच्या किनाऱ्यावर तर हवाच खारी. खिडकीचे गज, शिवणयंत्र, सायकलची साखळी, काय गंजत नाही? त्यात चार महिने पाऊस आणि चिखल. तरी पर्यटक हौसेने गाड्या थेट लाटांत घालतात आणि तशाच खाऱ्या पाण्यासकट घाट चढून घरी नेतात.

त्या गॅरेजमध्ये उभी असताना मला आमच्या गटाचा टेम्पो आठवला. २०१६ साली आमच्या बायकांनी मासळी बाजारात न्यायला जुना टेम्पो घेतला. पै-पै साठवलेले पैसे, वर बँकेचं कर्ज. रंग नवा, हुडावर फुलं काढलेली, खालूनही काळा रंग मारून चकचकीत केलेला. आम्ही पेढे वाटले. सहा महिन्यांनी पासिंगच्या वेळी कळलं की चासी पाट्यांजवळ कुजलेली आहे. मासळीच्या टोपल्यांतलं खारं पाणी वर्षानुवर्षं खाली झिरपत होतं आणि नव्या काळ्या रंगाने ते सगळं झाकलं होतं. दुरुस्तीला साठ हजार गेले. दोघीजणींनी बांगड्या गहाण ठेवल्या. तेव्हा आम्ही विकणाऱ्याला शिव्या दिल्या, त्या द्यायलाच हव्या होत्या. पण घेताना आमच्यापैकी एकीनेही वाकून खाली पाहिलं नव्हतं, हेही तितकंच खरं. ‘पुरुषांनी बघितलंय ना’ म्हणून आम्ही निश्चिंत. आणि पुरुषांनी बघितलं होतं ते इंजिन आणि टायर!

म्हणून २०२१ मध्ये दुसरा टेम्पो घ्यायची वेळ आली तेव्हा मी हट्टच धरला. गाडी रॅम्पवर चढवा, आम्ही सगळ्या खाली जाऊन बघणार. गॅरेजमधली पोरं हसली. हसू देत. आमच्यातल्या एका मावशीने स्क्रू ड्रायव्हर घेऊन पत्र्यावर ठोकून पाहिलं. नारळ वाजवून पाहतो तसं. एका ठिकाणी आवाज भदभद आला, रंगाचा पोपडा निघाला आणि खालून भुगा पडला. तो टेम्पो आम्ही घेतला नाही. पुढच्या महिन्यात दुसरा मिळाला, तो आजही चालतोय.

आता गटाचा नियम आहे. मासळी उतरवली की टेम्पो गोड्या पाण्याने धुवायचा, आतून आणि खालूनही. कॅलेंडरवर पाळी लिहिलेली असते. पावसाळ्याआधी ग्रीस आणि लेप. कुणी म्हणतं, जुनं काळं ऑइल फुकट मिळतं, तेच मारा. मी त्याच्या विरोधात आहे. ते रबर खराब करतं आणि थेंब थेंब गळून आपल्याच जमिनीत, विहिरीत मुरतं. चार पैसे वाचवून पाणी नासवायचं, हे बाईच्या बुद्धीला शोभत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण मुली गाड्या चालवू लागलो याचं कौतुक खूप झालं, व्हायलाच हवं. पण चालवणं आलं तशी जबाबदारीही यायला हवी. त्या गाडीत आपली पोरं बसतात, सासूबाई दवाखान्यात जातात, गटाचा माल जातो. सर्व्हिसिंगला गाडी गेली की ‘झाली का?’ असं फोनवर विचारण्यापेक्षा एकदा स्वतः जा. रॅम्पवर चढलेली गाडी खालून बघा. ब्रेकची नळी कुठली, ती कोरडी आहे की ओलसर, ते विचारून घ्या. मेकॅनिक नवऱ्याकडे बघून बोलू लागला तर माझ्या बहिणीसारखं सांगा, ‘मलाच सांगा.’

तव्याला तेलाचा हात लावायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मग त्याच लोखंडाच्या मोठ्या भांड्याला, ज्यात आपण आपली माणसं बसवतो, वाकून बघायला कसली लाज?