दिवा लागला म्हणजे निदान झालं नाही!

मंडळी, 'लीन' हा शब्द आपल्या मराठीत किती गोड आहे! देवापुढे लीन व्हावं, गुरूपुढे लीन व्हावं. मोटारीच्या दुनियेत मात्र इंजिन 'लीन' झालं की ते नम्र होत नाही, कुरकुरायला लागतं. तिथे लीन म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा, हे गणित फार बिघडलं की गाडी सिग्नलला थरथरते, चढावर धापा टाकते आणि समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. माझं भांडण आहे ते हा दिवा लागल्यानंतर जे घडतं त्याच्याशी.

माझा मुलगा अमेरिकेत, ओहायोत असतो. त्याच्याकडे २००० सालचा, आठ सिलिंडरचा जुना पिकअप आहे. तिकडे १९९६ च्या मॉडेलपासून मोटारी आणि हलक्या ट्रकना दोष नोंदवण्याची एकच पद्धत सक्तीची आहे. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, दोन कोड आले : पी ०१७१ आणि पी ०१७४. अर्थ एवढाच की इंजिनाच्या दोन्ही बाजू लीन. त्याने तडक दोन्हीकडचे ऑक्सिजन सेन्सर बदलले आणि साडेतीनशे डॉलरचं बिल हातात ठेवलं. आठवड्यात दिवा पुन्हा हजर!

अहो, तो सेन्सर बिचारा निरोप्या. धुरात ऑक्सिजन उरतोय एवढंच तो सांगतो. मुलगा नापास झाला म्हणून प्रगतिपुस्तक नवं आणण्यासारखंच झालं हे. शिवाय दोन्ही बाजू एकदम लीन, तर कारण दोघींना सामाईक असणार, एवढा विचार सातवीतलं पोरही करील.

विचार कसा करायचा, तेही सांगतो. मिश्रण लीन झालं की गाडीचा संगणक पेट्रोल वाढवतो. किती टक्के वाढवलं, तो आकडा स्कॅनरवर दिसतो. त्याला 'फ्युएल ट्रिम' म्हणतात. मी तिकडे गेलो होतो तेव्हा मुलाने साधा स्कॅनर जोडला आणि मी वही घेऊन शेजारी बसलो. गाडी जागेवर संथ चालू असताना दोन्ही बाजूंना २४ टक्क्यांच्या आसपास. २५०० फेऱ्यांवर नेली, तर आकडा ६ वर उतरला.

इथेच अर्धं निदान झालं. संथ चालताना इंजिन मुळात हवा थोडी घेतं आणि आतली ओढ जोराची असते. म्हणून फटीतून शिरलेली चोरटी हवा तेव्हा भारी पडते. वेग वाढला की तिचा वाटा नगण्य होतो. उलट पेट्रोलचा पंप थकला असेल किंवा फिल्टर तुंबला असेल, तर ओझं पडल्यावर आकडा चढतो. मग इंधनाचा दाब मोजावा. हवा मोजणारा सेन्सर मळला असेल तरी असंच होतं; तो त्याच्याच खास फवाऱ्याने साफ करावा. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टला चीर असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि इंजिन लीन नसतानाही लीन दिसतं!

आमच्या बाबतीत दुसऱ्या एका मिस्त्रीने हवेच्या मार्गात धूर सोडला. (गरम इंजिनावर पेटणारा फवारा मारून गळती शोधणारेही असतात. ते नकोच, आग लागते.) धूर निघाला इंजिनाच्या मागच्या अंगाला, एका रबरी वाकड्या नळीतून. इतक्या वर्षांच्या उष्णतेने ती तडकली होती. नळी १५ डॉलरची. दिवा गेला.

यावर गॅरेजवाले म्हणतात, "गिऱ्हाईक सुट्या भागाचे पैसे देतं, विचार करायला लागलेल्या तासाचे देत नाही." हे खरं आहे, आणि दुखणं तिथेच आहे. डब्यातली वस्तू दिसते, डोक्यातली दिसत नाही. पण म्हणून अंदाजाने एकामागून एक भाग बदलत राहणं ही दुरुस्ती नव्हे, दुसऱ्याच्या पैशाने खेळलेली लॉटरी आहे. आणि त्या खेळात वेळ गेला, सिलिंडर चुकायला लागले, तर न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतं, खराब करतं. तो खर्च नळीच्या कितीतरी पट.

हे दूरचं दुखणं समजू नका. आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांतही आता हाच कारभार आहे. तेव्हा कुणी म्हणालं, "कोड आलाय, सेन्सर बदलू या," तर शांतपणे विचारा : ट्रिम संथ असताना किती, वेगात किती? दाब मोजला का? गळती शोधली का? उत्तर मिळालं तर त्या माणसाला त्याच्या तासाचे पैसे खुशाल द्या, घासाघीस करू नका. उत्तर नसेल, तर चावी परत मागा.