जुन्या वहीतील बाकी

वहीपूजन आटोपून पेढीवर चार दिवसांची उसंत मिळाली, की हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावसारख्या गावीही दिवाळीच्या सुटीत एखादी रहस्यकथा हाती घ्यावीशी वाटते. अशा वेळी अगाथा ख्रिस्ती यांची ‘स्लीपिंग मर्डर’ ही कादंबरी अवश्य वाचावी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहिलेली ही कृती लेखिकेच्या निधनानंतर, १९७६ मध्ये प्रकाशित झाली.

नवपरिणीत ग्वेंडा समुद्रकाठच्या एका हवापालटाच्या गावी घर विकत घेते आणि त्याच घरात तिच्या बालपणीचे भय जागे होते. कोवळ्या वयात तिने जिन्याच्या कठड्यातून एक खून पाहिलेला असतो.

या कादंबरीविषयी वाचकांत दोन मते आढळतात. काहींना गुन्हेगार लवकर ओळखू येतो, म्हणून रहस्य फिके वाटते. इतरांना ग्वेंडाचे धैर्य हेच खरे कथासूत्र वाटते. मिस मार्पलसारखी अनुभवी वृद्धाही प्रारंभी तिला, जुने उकरून काढू नये, असाच सल्ला देते. घरोघरी वडीलधारी मंडळी हेच सांगतात, आणि तेही मायेपोटीच.

परंतु ग्वेंडा शोध घेते, म्हणूनच न केलेल्या खुनाचे ओझे मनावर घेऊन मरण पावलेले तिचे वडील निर्दोष ठरतात. जुन्या वहीतील चूक न शोधता नवी वही उघडली, तर तीच चूक पुढे ओढली जाते, हे व्यापाऱ्यास ठाऊक असते. घरातील लेक जुने भय सांगू लागली, तर तिला गप्प न करता शांतपणे ऐकून घ्यावे.