इवल्याशा बाळाच्या रक्तात जंतू शिरतात तेव्हा...

दोस्तांनो, नुकतंच जन्मलेलं बाळ तुम्ही जवळून पाहिलंय ना? मुठी घट्ट मिटलेल्या, डोळे किलकिले, आणि रडणं मात्र शेजारच्या घरी ऐकू जाईल असं! तीन किलोच्या अशा बाळाच्या अंगात रक्त किती असतं, सांगा बरं? साधारण पाव लिटर. पाणी प्यायचा एक पेला भरेल एवढंच! मेंदू, हृदय, मूत्रपिंडं असा सगळा कारभार एवढ्याशा रक्तावर चालतो. म्हणून त्यात जंतू शिरले, की मोठ्या माणसापेक्षा बाळाची तब्येत फार लवकर बिघडते. जंतूंशी लढता लढता शरीराचंच नुकसान होऊ लागतं. या आजाराला डॉक्टर 'सेप्सिस' म्हणतात.

या आजारात रक्तवाहिन्यांच्या आत काय घडतं, ते आज पाहू या. आणि हाताशी प्रयोगशाळा नसताना गडचिरोलीच्या खेड्यांतल्या बायकांनी तो कसा ओळखला, तेही पाहू या.

पाट झिरपू लागला तर?

चंद्रपूर-गडचिरोलीकडे धान पिकतं. तलावाचं पाणी पाटाने एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जातं. (बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, बरं का!) आता समजा, पाटाचा काठ जागोजागी झिरपू लागला. काय होईल? काठाजवळ नुसता चिखल होईल, आणि टोकाची बांधी कोरडी राहील. तलावात पाणी असूनही!

आपल्या रक्तवाहिन्यांना आतून चपट्या पेशींचं अस्तर असतं. फरशा बसवाव्यात तशा या पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या असतात. सगळ्यांत बारीक वाहिन्यांची, म्हणजे केशवाहिन्यांची, भिंत तर मुख्यतः या एकेरी थराचीच असते. पण या पेशी राखणदारीही करतात. रक्तातलं काय बाहेर जाऊ द्यायचं, वाहिनी रुंद करायची की अरुंद, रक्त गोठू द्यायचं की नाही, यावर त्यांचं लक्ष असतं.

जंतू रक्तात आले, की त्यांच्या कवचाचे तुकडे या पेशींना जाणवतात. लगेच त्या आपल्या अंगावर चिकट रेणू उभे करतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे अडकून थांबतात, भिंतीतून बाहेर पडतात आणि जंतूंवर तुटून पडतात. बोटाला काटा रुतला असेल, तर ही युक्ती झकास चालते. पण जंतू रक्तातून अंगभर पसरले, तर ही धावपळ अंगभर सुरू होते आणि तिथेच घात होतो. पेशींमधले सांधे सैल पडतात आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. वाहिन्या कुठे सैलावतात, तर कुठे नको इतक्या आवळतात. जागोजागी बारीक गुठळ्या होऊन वाट अडते. मग टोकाच्या बांधीसारखी मेंदूची, मूत्रपिंडांची, फुप्फुसांची गत होते. त्यांना प्राणवायू पुरत नाही.

त्यातून बाळाची प्रतिकारशक्ती अजून शिकाऊ. आईच्या रक्तातली संरक्षक प्रथिनं बाळाला मिळतात, ती मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत. म्हणून दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला जास्त धोका.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. जंतुनाशक औषध जंतूंना मारतं, पण झिरपणारा पाट ते दुरुस्त करत नाही. ते काम पेशींनाच करावं लागतं. नुकसान थोडं असेल, तरच त्यांना ते जमतं. म्हणून या आजारात एकेक तास मोलाचा असतो.

आरोग्यदूत आली घरी

पण गडचिरोलीत औषध लवकर मिळायचं कसं? १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जंगलाचा जिल्हा. पावसाळ्यात नाले भरले, की कित्येक गावांची वाट बंद. १९९०च्या दशकात बहुतेक बाळं घरीच जन्मत, आणि ओल्या बाळंतिणीला व बाळाला दूर दवाखान्यात न्यायला घरचे सहसा तयार नसत.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ठरवलं, की बाळ येत नसेल तर उपचारच बाळाकडे न्यायचे. १९९३ ते १९९८ या काळात त्यांनी ३९ गावांत हा अभ्यास केला आणि तुलनेसाठी आणखी ४७ गावं घेतली. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या, गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. त्या घरोघरी जाऊन बाळाचं वजन करत, ताप बघत, श्वास मोजत, बाळाला ऊब कशी द्यायची ते आईला सांगत.

केशवाहिन्या काही डोळ्यांना दिसत नाहीत. पण त्या झिरपू लागल्या, की बाहेर खुणा उमटतात. चांगलं रडणारं बाळ क्षीण रडू लागतं. अंगावर ओढेनासं होतं. हातपाय लुळे पडतात. पोट फुगतं, उलट्या थांबत नाहीत. श्वास घेताना छाती आत ओढली जाते. अंग तापतं, नाहीतर उलट गार पडतं! (नवजात बाळाला ताप येईलच असं नाही.) बेंबीत पूही दिसू शकतो. अशा खुणा एकदम दिसल्या, की आरोग्यदूत आधी दवाखान्यात न्यायला सांगे. घरचे नाहीच म्हणाले, तर त्यांच्या संमतीने ती घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने घ्यायचं औषध देई.

आता आकडे बघा. उपचार सुरू होण्याआधी सेप्सिस झालेल्या १०० बाळांपैकी जवळजवळ १७ दगावत. नंतर हे प्रमाण १०० मागे ३ हून कमी झालं. ऊब, स्तनपान आणि औषध या सगळ्यांमुळे अभ्यासाच्या तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकाने हा अभ्यास छापला. २०११ मध्ये भारत सरकारने घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याचं काम देशभरातल्या आशाताईंवर सोपवलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी येतात. बाळ घरी जन्मलं, तर पहिल्या दिवशीसुद्धा.

तुम्ही काय कराल?

घरात बाळ असेल, तर साबणाने हात धुतल्याशिवाय त्याला घ्यायचं नाही. नाळेला हळद, तेल, राख काही लावायचं नाही. आईचं पहिलं घट्ट दूध, म्हणजे चीक, फेकू द्यायचा नाही.

आणि एक काम खास तुमच्यासाठी. बाळ शांत निजलेलं असताना सेकंदकाट्याचं घड्याळ घ्या आणि पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजा. ६० किंवा जास्त भरले, तर पुन्हा मोजा. परत तितकेच भरले, तर लगेच आईबाबांना सांगा. आईबाबांनो, बाळ दूध ओढेना किंवा मलूल पडलं, तर मग श्वास कितीही भरोत, 'सकाळी बघू' म्हणू नका. रात्र असली तरी १०८ला फोन करा आणि निघा.